चार बिऱ्हाडकरू, दोन साड्या आणि एक छप्पर

टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेला असताना मध्येच येऊन बसणारा माणूस गोष्ट कुठवर आली ते विचारत नाही. कुठूनही बघायला बसलं तरी चालतं, कारण पुढचं वाक्य आधीच ओठांवर असतं. आजी, नातू, शेजारचा मुलगा असे सगळे एकदम हसतात, आणि तेही विनोद घडायच्या क्षणभर आधी. हे नवलच आहे. विनोद अनपेक्षित गोष्टीवर जगतो असं आपण मानतो. मग १९८८च्या सप्टेंबरात पडद्यावर आलेला, दोन-तीन पिढ्यांनी तोंडपाठ केलेला चित्रपट अजून हसवतो कसा? नुसते चुरचुरीत संवाद एवढा पल्ला गाठत नाहीत. त्याच दशकातल्या कितीतरी मराठी चित्रपटांत चुरचुरीत संवाद होते, ते चित्रपट आज कुणी आवर्जून लावत नाही. माझ्या मते या टिकाऊपणाचं मूळ गोष्टीच्या बांधणीत आहे. ती बांधणी विनोदी प्रेमकथेची आहे, आणि त्यातही एका नायक-नायिकेची नसून चार जोड्यांची आहे. प्रेमकथा म्हणून या चित्रपटाकडे फारसं कुणी पाहत नाही. इथे तसं पाहू.

सांगाडा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकदा मांडून घेऊ. पुण्यात विश्वासराव सरपोतदारांकडे (सुधीर जोशी) भाड्यानं राहणारा धनंजय माने म्हणजे अशोक सराफ. त्याचा धाकटा भाऊ शंतनू म्हणजे सिद्धार्थ रे. गाणारा मित्र सुधीर म्हणजे सचिन, आणि कोल्हापूरहून आलेला नाटकवाला परशुराम म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. सरपोतदार घराबाहेर काढतात. लीलाबाई काळभोर (नयनतारा) यांच्याकडे जागा आहे, पण ती फक्त जोडप्यांना. मग सुधीरची सुधा होते, परशुरामची पार्वती होते. धनंजय-पार्वती आणि शंतनू-सुधा अशी दोन ‘जोडपी’ लीलाबाईंच्या घरात बिऱ्हाड थाटतात. दिग्दर्शन सचिन पिळगावकर यांचं, निर्मिती किरण शांताराम यांची, संगीत अरुण पौडवाल यांचं आणि संवाद वसंत सबनीसांचे.

ही कल्पना मुळात मराठी नाही. १९५५मध्ये बंगालीत ‘जय माँ काली बोर्डिंग’ नावाचा चित्रपट आला होता. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६मध्ये हिंदीत ‘बीवी और मकान’ केला. मेहमूद, विश्वजित, केश्टो मुखर्जी अशी फौज, हेमंतकुमारांचं संगीत, गुलजारांची गाणी, सगळं जमेचंच होतं. तरी तो आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. तीच गोष्ट बावीस वर्षांनी मराठीत आली आणि मराठी माणसाच्या बोलण्यात मिसळून गेली.

बंगाली चित्रपटाचं कोलकाता हे फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेलं शहर होतं. हिंदी चित्रपट जिथे बनत होते ती मुंबई तर जागेच्या टंचाईचं माहेरघरच. मराठीत पुणे आलं. तिन्ही गोष्टी तेव्हाच घडू शकतात जेव्हा शहरात पोटापाण्याची सोय होते पण डोकं टेकायची होत नाही. आपल्याकडे त्याला एक कायदेशीर बाजूही होती. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी जवळपास गोठवली. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, किंवा त्यानंतर पहिल्यांदा जागा दिली तेव्हा जे ठरलं, तेच ‘प्रमाण भाडं’ मानायचं. भाडेकरूला संरक्षण मिळालं ते गरजेचंच होतं. पण एकदा बसलेला भाडेकरू उठत नाही ही धास्ती घरमालकांच्या मनात घर करून बसली. मग गाळणी लागली. कोणाला द्यायची, कोणाला नाही, शाकाहारी की मांसाहारी, सडाफटिंग की संसारी. कायदा बदलला, १९९९चा नवा भाडेनियंत्रण कायदा आला, अकरा महिन्यांचे करार रुळले. गाळणी मात्र राहिली. आज लातूरहून, नांदेडहून, साताऱ्याहून पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलांना एजंट पहिला प्रश्न तोच विचारतो: फॅमिली आहे की बॅचलर? विशीतल्या मुलांना हा चित्रपट जुना वाटत नाही याचं अर्धं कारण या प्रश्नात आहे.

मराठी चित्रपटात प्रेम आणि जागा यांची सांगड नवी नव्हती. १९७०च्या ‘मुंबईचा जावई’मध्ये नव्या जोडप्याला एकांतच मिळत नाही, एवढाच सगळा पेच होता, बासू चटर्जींनी त्याच गोष्टीवर हिंदीत ‘पिया का घर’ केला. तिथे लग्न झालेलं आहे आणि खोली नाही. ‘बनवाबनवी’त खोली हवी म्हणून लग्नाचं सोंग घ्यायचं आहे. आणि इथेच या चित्रपटाची खरी मेख आहे. ज्या थापेनं छप्पर मिळतं, तीच थाप प्रेमाच्या आड येते.

एकेक जोडी घेऊन पाहा. शंतनूचं सुषमावर (निवेदिता जोशी) प्रेम आहे, पण लीलाबाईंच्या घरात तो बायकोवाला माणूस. सुधीरला मनीषा (सुप्रिया पिळगावकर) आवडते, पण घराच्या उंबऱ्याआत तो पदर सावरणारी सुधा. परशुरामची कमळी (प्रिया अरुण) आहे, आणि परशुरामला दिवस गेल्याची बातमी घरभर झालेली. धनंजय ज्या प्रसाधनांच्या दुकानात काम करतो तिथली मालकीण माधुरी (अश्विनी भावे). तिच्यासमोर उभं राहायचं तर घरातल्या पार्वतीचं काय करायचं? चौघांनाही प्रेम हवं आहे आणि चौघांनाही घर हवं आहे. प्रेमाचं खरं बोललं तर घर जातं, घर टिकवायचं तर प्रेमाशी खोटं बोलावं लागतं. विनोदी प्रेमकथांत नायक-नायिकेच्या आड बाप येतो, पैसा येतो, नाहीतर फुटकळ गैरसमज येतो. इथे चारही जोड्यांच्या आड एकच गोष्ट आहे, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केलेली आहे. म्हणून गोष्ट चारीकडे पांगत नाही. कोणत्याही जोडीला धक्का लागला की बाकीच्या तिन्ही हलतात.

अनेक पात्रांच्या प्रेमकथेत नेमकं हेच अवघड असतं. चार जोड्या म्हणजे चार स्वतंत्र गोष्टी झाल्या की प्रेक्षक मनातल्या मनात आवडती जोडी निवडतो आणि इतर तीन जोड्यांच्या वेळी उठून पाणी पिऊन येतो. ‘बनवाबनवी’त ती सवड मिळत नाही, कारण कोणाला काय माहीत आहे याचा हिशेब प्रत्येक दृश्यात बदलत राहतो. लीलाबाईंना एक माहीत, माधुरीला दुसरं, सरपोतदारांना तिसरं. सगळं माहीत आहे ते फक्त आपल्याला. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. या चित्रपटातलं हसू धक्क्याचं नाहीच, ते वाट पाहण्याचं आहे. दार उघडणार, पदर घसरणार, आवाज फुटणार हे आपल्याला पहिल्या खेपेलाही कळतच होतं; गंमत त्या क्षणी समोरच्या सगळ्यांचे चेहरे कसे होतात यात होती. चेहरे विसाव्यांदाही बघता येतात. उलट तोंडपाठ झाल्यावर आपण बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे पाहू लागतो, आणि ऐकणारे या चित्रपटात फार चांगले आहेत.

सुधीर जोशींचंच उदाहरण घ्या. मधुमेहावर इस्राएलहून औषध मागवून देतो म्हणून धनंजयनं सरपोतदारांकडून सत्तर रुपये घेतलेले असतात. त्या औषधाची चौकशी होते तेव्हा धनंजय गंभीर चेहऱ्यानं सांगतो की औषध देणारा गृहस्थच गेला. सरपोतदार शिष्टाचार म्हणून हळहळतात आणि मग पैशांचं विचारतात. तेव्हा पैसेही त्या गृहस्थाच्याच वाटेनं गेल्याचं धनंजय त्याच दुखवट्याच्या सुरात कळवतो. अशोक सराफ इथे आवाज चढवत नाहीत, डोळे मोठे करत नाहीत, हातवारे करत नाहीत. शोकसभेत बोलावं तसं बोलतात. सगळा विनोद उमटतो तो सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर. सभ्य माणूस आहे, मयताच्या बातमीपुढे पैशासाठी भांडायचं कसं? सहानुभूती आणि सत्तर रुपये या दोन्हींच्या मध्ये ते अडकतात आणि तिथेच थांबतात. धनंजय त्यांच्या सभ्यतेचाच फायदा घेतो. दृश्य संपतं तेव्हा आपण धनंजयच्या बाजूनं हसतो, पण सरपोतदारांबद्दल मनात वाईटपणा राहत नाही. पुढे ते या सगळ्यांना घराबाहेर काढतात तेव्हा त्यांची बाजूही आपल्याला पटलेली असते.

हे फार महत्त्वाचं आहे. फसलेला माणूस मूर्ख दाखवणं हा विनोदाचा सोपा रस्ता. सबनीसांनी तो घेतला नाही. लीलाबाई भोळ्या नाहीत, त्या विश्वास ठेवणाऱ्या आहेत. दोन सुना घरात नांदत आहेत असं समजून त्या जी माया लावतात ती खरी आहे, आणि ती खरी असल्यामुळेच चौघांच्या मनाला टोचणी लागते. शिवाय लेखकानं समोर बळी नावाचं पात्र ठेवलं आहे. विजू खोटेंनी केलेला हा बळी लीलाबाईंच्या मालमत्तेवर डोळा ठेवून आहे. म्हणजे घर त्यालाही हवं आहे आणि या चौघांनाही हवं आहे. तो नात्यातला असून हावेपोटी, हे परके असून गरजेपोटी. घर एकच, पण त्यामागचं पोट वेगळं. प्रेक्षकाचा कौल कुठे जायचा हे लेखकानं एका शब्दाचाही उपदेश न करता ठरवून टाकलं आहे. बळीचं खलनायकी उपकथानक फारसं रंगत नाही हे मान्यच करायला हवं; त्याच्या दृश्यांत चित्रपटाची गती थोडी पडते. पण तो नसता तर चौघांची बनवाबनवी नुसती लबाडी वाटली असती.

आता साड्यांकडे वळू. पुरुषानं स्त्रीवेष घेणं याला मराठी प्रेक्षक सरावलेला होता, आणि तो दोन अगदी वेगळ्या परंपरांनी. एक संगीत नाटकाची. बालगंधर्वांचा जन्म १८८८चा; ‘बनवाबनवी’ आला ते त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. तिथली स्त्रीभूमिका अशी की प्रेक्षकानं आतला पुरुष पूर्ण विसरावा, बायकांनी ते नेसणं-वेणी घालणं घरी जाऊन तसंच करून पाहावं. दुसरी परंपरा तमाशाची. गौळणीतली मावशी ही पुरुषच असते, आणि तो पुरुष आहे हे कोणीही क्षणभरही विसरू नये यातच तिची गंमत. शिवाय आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ होती. ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ या १८९२च्या इंग्रजी नाटकावरून घेतलेली ही मावशी १९८५च्या सुमाराला विजय चव्हाणांनी पुन्हा रंगभूमीवर आणली आणि ती तुफान चालली. म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाचा डोळा तयार होता.

सचिनची सुधा पहिल्या परंपरेतली आहे. पदर, चाल, मान वळवणं, सगळं मोजकं आणि नेटकं. काही दृश्यांत ती खरोखर घरातली धाकटी सून वाटते. लक्ष्मीकांतची पार्वती दुसऱ्या परंपरेतली. खांदे पुरुषाचे, पावलं पुरुषाची, वैताग पुरुषाचा, आणि वरून साडी. एकाच घरात, एकाच चौकटीत, सख्ख्या जावा म्हणून बालगंधर्वांची परंपरा आणि गौळणीतली मावशी शेजारीशेजारी उभ्या आहेत. दोघांनी एकाच पद्धतीनं स्त्रीवेष केला असता तर पंधरा मिनिटांत कंटाळा आला असता. सुधा जितकी जमते तितकी पार्वती फसते, आणि पार्वती फसते म्हणून सुधाचं जमणं आपल्या लक्षात राहतं. हे ठरवून केलं की आपसूक झालं, ते पाहणाऱ्याला कळायचं कारण नाही. पण परिणाम असा सफाईदार की पुढच्या कोणत्याही भाषेतल्या नकलेला तो जमलेला मला दिसला नाही.

मराठी भाषेनंही या गोष्टीला हात दिला, आणि तो बंगालीला देता आला नसता. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. बंगाली पुरुष साडी नेसून बोलू लागला तर व्याकरण त्याला उघडं पाडत नाही. हिंदीत क्रियापद उघडं पाडतं, पण समोरच्याकडे बोट दाखवताना ‘ये’ म्हणून निभावून नेता येतं. मराठीत पळायला वाटच नाही. हा, ही, हे, आलो, आले, दमलो, दमले. स्वतःबद्दल एक साधं वाक्य बोलायचं म्हटलं तरी बहुतेक वेळा आपण बाई की पुरुष हे सांगावं लागतं. म्हणून धनंजय आपल्या ‘बायको’ची ओळख करून देताना ‘ही’च्या जागी ‘हा’ आणि ‘माझी’च्या जागी ‘माझा’ म्हणून बसतो, तेव्हा एका चार शब्दांच्या वाक्यात सगळा चित्रपट मावतो. जीभ सवयीनं खरं बोलते आणि मेंदू मागाहून सावरायला धावतो. त्या वाक्यावर आपण आजही हसतो, कारण मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात कळतं की आपणही तिथे हमखास चुकलो असतो.

डोहाळजेवणाचा प्रसंग हा या सगळ्याचा कळस. हिरवी साडी, फुलांचे दागिने, भोवती बायकांचा घोळका, कौतुकाचं गाणं, आणि मध्यभागी अवघडून बसलेला लक्ष्मीकांत बेर्डे. गाण्यात पुढाकार सुधा या जाऊबाईंचा. या प्रसंगाची गंमत अशी की समारंभात काहीही कमी केलेलं नाही. विनोदासाठी विधी वेडावाकडा केला नाही, बायकांना खुळं केलं नाही. डोहाळजेवण जसं व्हावं तसंच झालं आहे, फक्त जिचं चाललंय ती बाई नाही. म्हणूनच या गाण्याचं पुढे जे झालं ते विलक्षण आहे: खोट्या गरोदरपणाचं हे गाणं महाराष्ट्रातल्या खऱ्या डोहाळजेवणांत वाजतं. बायका त्यावर फेर धरतात. आपण चित्रपटातल्या विनोदावर नाचतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कोणालाही ते खटकत नाही. थट्टा करताना ज्याची थट्टा केली त्याचा मान राखला, तर लोक ती थट्टा अशी घरात घेतात.

या समतोलाचं श्रेय वसंत सबनीसांना (१९२३–२००२) पुरेसं मिळालेलं नाही असं मला नेहमी वाटतं. दादा कोंडक्यांना घराघरांत पोचवणारं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य सबनीसांचं, आणि ‘सोंगाड्या’ चित्रपटही त्यांच्याच लेखणीतला. म्हणजे हा लेखक वगातून आलेला. वगात एक सोंगाड्या बोलतो आणि दुसरा त्याला धार लावून परत देतो. वाक्य लांबलं की प्रेक्षक हातचा जातो. ती शिस्त ‘बनवाबनवी’च्या संवादांत आहे. त्यातली बहुतेक गाजलेली वाक्यं सुटी काढून कागदावर लिहिली तर त्यांत विनोद दिसतच नाही. धनंजय माने इथेच राहतात का, या प्रश्नात हसण्यासारखं काय आहे? पत्ता विचारण्याइतकं साधं वाक्य ते. पण ते कोण, कोणाला, कोणत्या वेळी विचारतो याची तजवीज आधीच्या दृश्यांत झालेली असते. आज तेच वाक्य टी-शर्टवर, कपांवर, मोबाईलवरच्या संदेशांत फिरतं. पत्ता विचारणारं साधं वाक्य अख्ख्या समाजाच्या ओळखीचं व्हावं, यापेक्षा संवादलेखकाचं मोठं यश मला सांगता येणार नाही.

विनोद वाटून घेण्याचा मोठेपणा कलाकारांतही होता. १९८८मध्ये अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे दोघेही एकट्याच्या बळावर चित्रपट ओढत होते. ‘टुरटुर’ नाटकातून पुढे आलेला लक्ष्मीकांत ‘धूमधडाका’नंतर (१९८५) घरोघरी पोचला होता. सचिन स्वतः दिग्दर्शक, शिवाय नायक. अशा तिघांना एका चौकटीत उभं करायचं म्हणजे कोण कोणाला खातो याची चढाओढ लागण्याचीच शक्यता जास्त. इथे अशोक सराफांनी मागे राहून डाव सांभाळला आहे. धनंजय हा घरातला कर्ता. थापा त्यानं जोडायच्या, निस्तरायच्याही त्यानंच. लक्ष्मीकांत उधळत असताना सराफ बहुतेक वेळा नुसते बघत असतात, आणि त्या बघण्यानंच उधळणं खुलतं. दिग्दर्शक सचिननंही स्वतःला मध्यभागी ठेवण्याचा मोह आवरला. सिद्धार्थ रे हा चौघांत सर्वांत साधा. विनोदी नट नसलेला एक चेहरा या चौकडीला हवाच होता, नाहीतर ज्याच्याकडे बघून बाकीचे वेडे वाटावेत असं कोणी उरलं नसतं. चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांचा हा नातू. निर्माते किरण शांताराम हे बापूंचे चिरंजीव. बापूंची ‘प्रभात’ ही चित्रसंस्था १९२९मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३मध्ये पुण्याला आली. कोल्हापूरहून पुण्यात बस्तान बसवायला निघालेल्या माणसांची गोष्ट त्या घराण्याच्या चित्रसंस्थेतून यावी, हा योग मला सुंदर वाटतो.

प्रेमकथा म्हणून चित्रपटाचं वजन कुठे कमी पडतं तेही सांगितलं पाहिजे. चार नायिकांपैकी नीट लिहिलेली अशी एकच आहे, माधुरी. ती दुकानाची मालकीण आहे, धनंजय तिचा नोकर. तिला स्वतःचा आब आहे, स्वतःचा निर्णय आहे. तिची ती लिंबू रंगाची साडी आज स्वतंत्र ओळख मिळवून बसली आहे. पगार देणारी बाई आणि पगार घेणारा पुरुष यांच्यातलं प्रेम मराठी पडद्यावर इतक्या सहजपणे, पुरुषाचा अहंकार मध्ये न आणता, क्वचितच दिसलं. अश्विनी भावे आणि अशोक सराफ एकमेकांशी बोलतात तेव्हा चित्रपटाचा आवाज आपोआप खाली येतो. कमळीला निदान फणकारा मिळाला आहे. सुषमा आणि मनीषा यांच्या वाट्याला मात्र आवडणं, रुसणं आणि गाण्यात येणं याखेरीज फार काही नाही. निवेदिता जोशी आणि सुप्रिया या दोघी किती चांगल्या विनोदी अभिनेत्री आहेत हे पुढे मराठी-हिंदी मालिका-नाटकांनी दाखवलं. इथे लेखकाला बाया झालेल्या पुरुषांमध्ये इतका रस होता की खऱ्या बायांकडे बघायला त्याला वेळ उरला नाही. आज हा चित्रपट नव्यानं कोणी करणार असेल तर काम करायची जागा इथे आहे.

तरी चित्रपटात चारही जोड्यांचं जे एकत्रित प्रेमगीत आहे त्यात प्रत्येक जोडीचा रंग वेगळा ठेवला आहे. एका जोडीत थाट, एकीत अवखळपणा, एकीत उघड धांदल. आपण ज्यांना दिवसभर साडीत आणि थापांत बघतो त्यांना त्या काही मिनिटांत पुरुष म्हणून, प्रियकर म्हणून वावरता येतं. चित्रपटभर ज्याची कोंडी झालेली आहे ते मोकळं होतं, म्हणून त्या गाण्याला गोष्टीत जागा आहे.

पडद्याबाहेरचा एक धागाही लोकांच्या प्रेमात मिसळला आहे. सचिन आणि सुप्रिया यांचं लग्न आधीच, १९८५मध्ये झालेलं होतं. अशोक सराफ आणि निवेदिता जोशी १९९०मध्ये विवाहबद्ध झाले. लक्ष्मीकांत आणि प्रिया अरुण यांनीही पुढे संसार थाटला. म्हणजे या एका चित्रपटात पुढेमागे जोडीदार झालेली तीन जोडपी आहेत, आणि त्यांतली एक जोडी पडद्यावर भलत्याच कोणाबरोबर आहे. प्रेक्षक आज हे सगळं माहीत असताना बघतो. आणि गेलेल्या माणसांची आठवणही असतेच. २००४ या एकाच वर्षात सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही गेले, दोघेही अकाली. पुढच्याच वर्षी सुधीर जोशी गेले. मग नयनतारा, मग विजू खोटे. हसता हसता एखाद्या क्षणी बघणारा गप्प होतो तो त्यामुळे.

ही गोष्ट मराठीनंतरही थांबली नाही. तेलुगूत ती ‘चित्रम भळारे विचित्रम’ झाली, २००९मध्ये हिंदीत ‘पेइंग गेस्ट्स’ झाली, २०१४मध्ये पंजाबीत ‘मिस्टर अँड मिसेस ४२०’ झाली. ठिकठिकाणी लोक हसले असतील. पण सांगाडा उचलून नेता येतो, सरपोतदारांची अडचणीत सापडलेली सभ्यता, जावांमधल्या त्या दोन परंपरा, ‘हा’ आणि ‘ही’मधली ती घसरण हे सगळं उचलून नेता येत नाही. ते इथल्या मातीचं आणि इथल्या बोलीचं आहे.

पुढच्या वेळी हा चित्रपट लागेल तेव्हा तुमच्या घरातल्या विशीतल्या मुलामुलींबरोबर तो पहिल्या मिनिटापासून बघा. श्रेयनामावलीत वसंत सबनीस हे नाव येईल तिथे त्यांना ते दाखवा, आणि सांगा की तुम्ही रोज एकमेकांना पाठवता ती वाक्यं या माणसानं लिहिली आहेत.